राग अर्ध्यावर आहे

"रघुनाथराव येईपर्यंत पडदा हलणार नाही म्हणजे नाही!" जयवंत सर विंगेत असे काही कडाडले की सभागृहातल्या पुढच्या रांगांनी दचकून माना वळवल्या. पहिल्याच रांगेत बसलेल्या त्यांच्या बायकोने, सुलभाताईंनी, मान वळवली नाही. घरचा मिक्सर सुरू झाला म्हणून कोणी दचकतं का?

नाटकाची वेळ चारची. पाच वाजून गेलेले. सिल्वासातलं ते सभागृह कामगारांनी आणि त्यांच्या बायकापोरांनी गच्च भरलेलं. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला होता ते मुंबईचे निर्माते रघुनाथराव सुरतेहून येता येता अथालजवळ कंटेनरच्या रांगेत अडकून पडले होते.

"कंटेनर!" सर पुन्हा ओरडले. "जन्म गेला माझा या गावात नाटकं लिहिण्यात. आणि ज्या दिवशी मुंबई उठून माझ्याकडे यायला निघते, त्याच दिवशी हे मेले कंटेनर आडवे!"

सरांच्या रागाबद्दल आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल. सर मूळचे कणकवलीकडचे. इथे शाळेत मराठी शिकवायला आले, मुलांची नाटकं बसवता बसवता स्वतः लिहायला लागले, आणि पुढे दर रविवारी जवळच्या सामरवरणीत कंपन्यांमधल्या कामगारांचा नाट्यवर्ग घ्यायला लागले. नाटकं पुष्कळ लिहिली. गणपतीत झाली, संमेलनांत झाली, करंडकही मिळाले. ते सुलभाताईंनी फ्रीजवर मांडून ठेवले आणि दर दिवाळीला इमाने इतबारे पुसले. पण मुंबईच्या रंगभूमीने सरांकडे ढुंकून पाहिलं नाही. याचा सरांना राग होता. नाटक चालू असताना वेफर्सची पुडी फोडणाऱ्यांचा राग होता. 'परंतु' लिहिलेलं असताना 'पण' म्हणणाऱ्या नटांचा तर इतका राग की एकदा तालमीत त्यांनी चप्पल भिरकावली. ती लागली नटराजाच्या तसबिरीला, मग त्याचाही राग. आता निवृत्ती तोंडावर आलेली. रघुनाथरावांनी आज नाटक पाहून उचललं तर उचललं, नाहीतर करंडक पुसत बसायचं, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून आजचा राग नेहमीच्या दुप्पट होता.

"सर, चालू करून टाकू ना," भिका हळूच म्हणाला.

भिका साक्रीकडचा, धाग्याच्या कंपनीत पॅकिंग खात्यात कामाला. नाटकात तो प्रॉम्प्टर. नट वाक्य विसरला की विंगेतून ते पुटपुटायचं हे त्याचं काम, आणि नट वाक्य विसरला म्हणून सरांच्या शिव्या खायच्या हेही त्याचंच काम.

"साडेसातले कंपनीची बस येते, सर. वाल्मिकची आज नाइट आहे."

वाल्मिक म्हणजे नाटकाचा नायक. सरांच्या 'अप्पांचा शब्द' या नाटकातले करारी, संतापी अप्पासाहेब.

"नाइट? मग सुट्टी काढायची!"

"नाही भेटली. चारले चालू होऊन साडेसहाले संपणार होतं, म्हणून तो काही बोलला नाही."

"मग संपल्यावर जाईल!"

"आणि नाही संपलं तर?"

"भिका!" सरांनी बोट नाचवलं. "पहिल्या दिवशी काय शिकवलं मी? पडदा एकदा वर गेला की नाटक थांबत नाही! कोणी मेलं तरी थांबत नाही! नाटक म्हणजे शिस्त!"

"हेच शिकवलं होतं, सर," भिका म्हणाला. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मग काही टेन्शन नाही." आणि तो मोबाइल काढत मागच्या दाराकडे गेला.

इथे कंपन्यांमधली एक रीत सांगायला हवी. यंत्र थांबत नाही. माणूस तापाने फणफणो, गावी जावो, त्याला मूल होवो. यंत्रापुढची जागा रिकामी राहता कामा नये. ज्याला जमत नाही त्याने आपल्या जागी दुसरा उभा करायचा. त्या दुसऱ्याला म्हणतात बदली. जाणाऱ्याने येणाऱ्याला चार्ज द्यायचा, म्हणजे काम कुठवर आलंय, काय बिघडलंय, कशाकडे लक्ष ठेवायचं ते चार वाक्यांत सांगून मगच निघायचं. आणि ज्याने तुमची बदली केली, त्याच्या पुढच्याच शिफ्टला त्याच्या जागी तुम्ही उभं राहायचं. हे कुठे लिहिलेलं नाही. पण मोडलं तर कँटीनमध्ये तुमच्या शेजारी कोणी बसत नाही.

तालमींच्या सुरुवातीला एकदा वाल्मिकच्या जागी लखन उभा राहिला होता.

"हा कोण?" सरांनी विचारलं.

"वाल्मिकची बदली, सर."

मग काय विचारता! "नट म्हणजे काय बोल्ट आहे? एक काढला, दुसरा पिळला?" असं म्हणून सरांनी लखनची अशी बिनपाण्याने केली की त्या दिवसापासून बदली हा शब्द तालमीत कोणी काढला नाही. शब्द काढला नाही, एवढंच. कारण सर तालमीत नटांकडे बघतच नसत. संहितेवर बोट ठेवून वाक्य न् वाक्य ताडायचे. डोळे कागदावर, कान शब्दावर. शब्द बरोबर आला की झालं. तो कुणाच्या तोंडून आला हे पाहायला सरांना सवड कुठे होती?

रघुनाथराव एकदाचे पावणेसहाला पोहोचले. त्यांना दारात घ्यायला सर गेले नाहीत, सुलभाताईंना पाठवलं. "नाटकाआधी लेखकाने तोंड दाखवायचं नसतं. आधी नाटकाने बोलायला हवं," असं सरांचं तत्त्व. दोघांची ओळख होती ती फक्त फोनवरची. रघुनाथराव सुलभाताईंच्या शेजारी टेकले, पाण्याची बाटली अर्धी रिकामी केली, आणि तिसरी घंटा झाली.

पहिला अंक बिनचूक झाला. 'परंतु'च्या जागी 'परंतु' आला. सर विंगेत संहितेवर बोट फिरवत मनातल्या मनात मुंबईला पोहोचले होते. त्यांना एवढंच माहीत नव्हतं की रघुनाथरावांची मान पहिल्या अंकाच्या मध्यावरच छातीवर टेकली होती आणि सुलभाताई अधूनमधून त्यांच्या हातातली बाटली सावरत होत्या.

दुसऱ्या अंकात अप्पासाहेबांचं भाषण. मुलगी मनाविरुद्ध लग्न करते म्हणून तिला घराबाहेर काढतानाचं ते भाषण म्हणजे सरांचा जीव की प्राण. चांगलं तीन पानी. सुलभाताईंनाही ते पाठ होतं, कारण सर ते घरी आंघोळ करताना म्हणायचे. जया, म्हणजे नाटकातली मुलगी, सोफ्यापाशी गुडघ्यांवर बसून रडत होती. वाल्मिकचा हात उगारलेला होता.

"ज्या घरात माझ्या शब्दावाचून दिवा लागला नाही, त्या घरात तू वाढलीस! परंतु आज, आज या घराचा उंबरठा—"

बाहेर बसचा भोंगा वाजला.

सरांचं बोट 'उंबरठा'वर होतं. पुढचा शब्द 'तुला'. तो आला नाही. "आला का रे, लखन?" असं आलं. संहितेत असलं वाक्य नव्हतं. सरांनी मान वर केली, तर रंगमंचावर दोन अप्पासाहेब उभे.

दुसऱ्या अप्पासाहेबांचाही तसलाच कोट, तसलाच मफलर. फक्त हे दम खात होते, कारण लखनची कंपनी सातला सुटते आणि तो सायकल हाणत आला होता.

"राग अर्ध्यावर आहे," वाल्मिक डोळ्यावरचा चष्मा काढून त्याच्या हातात देत म्हणाला. "पोरीले हाकलायचं बाकी आहे. उंबरठ्यापर्यंत बोलून झालं, पुढं 'तुला'पासून घे. हात वरच ठेव. खुर्चीचा डावा पाय हलू राह्यला, आदळायची तर हळू आदळ. जयाचं रडणं बरोबर चालू आहे, तिच्याकडे बघायचं काम नाही."

"ठीक. तू जाय."

वाल्मिक रंगमंचाच्या पायऱ्या उतरून प्रेक्षकांमधून निघाला. जयाने रडता रडता मान वर केली. "वाल्मिकदादा, डबा!" असं म्हणून तिने सोफ्यामागून डबा काढून दिला आणि परत ढसाढसा रडायला लागली. मागून कोणीतरी ओरडलं, "सावकाश ये रे, बस धरून ठेवली!"

लखनने हात बरोबर तेवढ्याच उंचीवर नेला. दिवसभर सुपरवायझरची बोलणी खाऊन आलेला माणूस तो. राग त्याला कुठून आणायचा नव्हता. "तुला बंद आहे!" तो गरजला. "कायमचा बंद!"

टाळ्यांनी सभागृह दणाणलं. शिफ्ट बदलली हे तिथल्या पोराटोरांनाही कळलं होतं. कोणी शेजारच्याला काही विचारलं नाही. चक्रावली ती दोनच माणसं. एक रघुनाथराव, जे बसच्या भोंग्याने खडबडून जागे झाले होते आणि मघाचा बाप तरुण कसा झाला ते पाहत राहिले. दुसरे सर.

"शिरा पडो तुमच्या तोंडार!" राग डोक्यात गेला की सरांची जीभ थेट कणकवलीला जायची. "पाडा पडदा! केसरबाई, पडदा पाडा आधी!"

केसरबाई एरवी कंपनीच्या कँटीनमध्ये भाकऱ्या थापायच्या. आज पडद्याची दोरी त्यांच्या मुठीत होती. त्यांनी मूठ आणखी आवळली.

"नाही पाडणार."

"मी दिग्दर्शक आहे!"

"तुम्हीच सांगेल होतं ना सर, कोणी मेलं तरी पडदा पाडायचा नाही. इथं तर कोणी मेलं बी नाही."

सर दोरीवर झेपावले. भाकरीचं पीठ मळणाऱ्या हातातून दोरी सोडवणं हे मराठीच्या शिक्षकाचं काम नव्हे. ते मागे हटले ते एका ट्रंकेवर आदळले. ट्रंकेवर गुड्डी बसली होती. जयासारखीच हिरवी साडी, जयासारखाच अंबाडा, हातात वडापाव.

"तू कोण?"

"जयाची बदली," गुड्डी तोंडातला घास गिळत म्हणाली. "लागली तर."

"म्हणजे सगळ्यांच्याच आहेत?"

"मग? दोन्ही शिफ्टमधे पाठ करून घेतलं ना, सर. तुमचं नाटक थांबायला नको म्हणून."

आता इथे दुसरा एखादा माणूस विरघळला असता. सर पेटले. इतके महिने आपण ज्यांना शिकवत होतो ते कोण होते हेसुद्धा आपल्याला माहीत नव्हतं, हे त्यांना झोंबलं. आणि झोंबलं की सरांना ओरडण्यापलीकडे दुसरं काही येत नसे. त्यांनी अंगातलं खादीचं जाकीट काढलं. त्याच्या छातीवर 'लेखक-दिग्दर्शक' असा बिल्ला होता. ते जाकीट त्यांनी भिकाच्या अंगावर फेकलं.

"घ्या तुमचं नाटक! माझा याच्याशी काडीचा संबंध नाही! ज्याला व्हायचं असेल त्याने व्हावं दिग्दर्शक!"

भिकाने जाकीट झेललं. "सर, पण चार्ज?"

"खड्ड्यात गेला तुझा चार्ज!"

आणि सर मागच्या दाराने तरातरा बाहेर पडले. स्कूटरपाशी आले. खिसा चाचपला. किल्ली जाकिटात.

आता लगेच परत जाणं म्हणजे काय ते ज्याने रागाने घर सोडलंय त्यालाच कळेल. सर भजीच्या गाडीशेजारी कठड्यावर बसून राहिले. आतून नाटक ऐकू येत होतं. लखनचा आवाज, मग जयाचा, मग टाळ्या. आपलंच नाटक, आपलेच शब्द, आणि आपण बाहेर भज्यांच्या धुरात. सरांना रडू येत होतं, आणि ते येतंय याचाही राग येत होता. गाडीवाल्याने "भजी आपू, साहेब?" असं विचारलं तर त्याच्यावरही ते खेकसले.

बऱ्याच वेळाने आत टाळ्यांचा असा कडकडाट झाला की तो थांबेचना. नाटक संपलं. किल्ली घ्यायची, कोणाशी बोलायचं नाही आणि घरी जाऊन झोपायचं, असं ठरवून सर मोठ्या दरवाजाने आत शिरले आणि शेवटच्या रांगेमागे अंधारात उभे राहिले.

रंगमंचावर सत्काराचं टेबल मांडलेलं. नाट्यमंडळाचा सेक्रेटरी प्रसाद माइकवर होता. "आता मी लेखक-दिग्दर्शक जयवंत सरांना विनंती करतो, त्यांनी मंचावर यावं." कोणी आलं नाही. "जयवंत सर!" तरी नाही. रघुनाथराव शाल उलगडून उभे. प्रेक्षकांत कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात विंगेतून भिका बाहेर आला. अंगात खादीचं जाकीट, छातीवर बिल्ला. प्रसादने डोळे मोठे केले.

"बदली," भिका हळू आवाजात म्हणाला.

प्रसाद स्वतः एका कंपनीत सुपरवायझर. जागा भरली की त्याचं समाधान होतं. त्याने मान डोलावली आणि माइकमध्ये म्हणाला, "जयवंत सर आले आहेत!"

रघुनाथरावांनी भिकाच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, कानाशी लागून बराच वेळ काहीतरी सांगितलं. भिकाने दोनदा मान हलवली. मग तो माइकपाशी गेला, एक हात मागे बांधला आणि बोट नाचवलं. हुबेहूब. सरांना क्षणभर आरशात पाहिल्यासारखं झालं.

"कोण आहे ते वेफर्स खाणारं?" भिका कडाडला. "उभे राहा! नाटक म्हणजे शिस्त! पुडी फोडायची असेल तर घरी जाऊन फोडा!"

सभागृह हसून हसून लोळायला लागलं. सुलभाताईंनी पदर तोंडाला लावला. सरांच्या कानशिलांवरची शीर ताडताड उडायला लागली.

"आता एक गोष्ट," भिकाचा आवाज खाली आला. "ती मी तुमले कधी बोललो नाही. ही पोरं बारा बारा तास उभी राहून माझ्याकडे येता. पायाले गोळे येता त्यांच्या. तरी एक शब्द इकडचा तिकडे करत नाही. मी लई ओरडतो, चप्पल बी फेकतो. पण घरी गेल्यावर बायकोले सांगतो, पोरं सोनं आहेत माझी."

हसणं थांबलं. लखनने नाक पुसलं. पहिल्या रांगेत सुलभाताईंनी, लग्न झाल्यापासून जी मान कधी ओरडण्याने वळली नव्हती, ती मान वळवली आणि मागच्या अंधारात बरोबर सरांच्या दिशेने पाहिलं. घरी आल्यावर सर काय सांगतात ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत?

ते पाहणं सरांना सोसलं नाही.

"खोटं आहे!" ते मधल्या वाटेतून धावत सुटले. "साफ खोटं! तो जयवंत नाही, मी जयवंत! मी आयुष्यात असं कधी म्हणालेलो नाही!"

आणि मग सभागृहात इतकी शांतता पसरली की आपण काय बोललो ते सरांना स्वतःच्याच कानांनी ऐकू आलं.

"हे गृहस्थ कोण?" रघुनाथरावांनी विचारलं.

"हे खरे सर," केसरबाई विंगेतून म्हणाल्या. "म्हणू राह्यले तेही खरंच आहे."

भिका अजिबात गडबडला नाही. त्याने जाकीट उतरवून सरांच्या अंगात घातलं, वरून शाल, हातात नारळ.

"चार्ज घ्या, सर. सत्कार झाला. साहेबाले नाटक पसंत आहे. अप्पांचं भाषण तीन पानांचं एक पान करा म्हणे, मी हो सांगून दिलं."

"हो सांगितलंस? माझं भाषण? कुणाला विचारून?"

"कुणाले विचारू? तुम्ही चार्ज न देता गेले ना, सर. काय राखायचं आन काय सोडायचं, मले काय माहीत?"

सरांनी नारळ उगारला. तो भिकाच्या डोक्यात घालायचा की स्वतःच्या, हे ठरायच्या आत रघुनाथरावांनी त्यांचा हात धरला.

"जयवंतराव, स्पष्ट बोलतो. पहिल्या अंकात मला झोप लागली. पण नंतर जे पाहिलं ते तीस वर्षांत पाहिलं नाही. माझ्याकडे नायकाचं शूटिंग लांबलं की प्रयोग रद्द. नायिकेचं डोकं दुखलं की रद्द. आणि इथे भर रागात बाप बदलला तरी राग तुटला नाही! एवढी शिस्त तुम्ही आणलीत कुठून?"

शिस्त! ज्या शब्दासाठी जन्मभर घसा फोडला तो शब्द मुंबईच्या निर्मात्याच्या तोंडून आला होता. सरांनी छाती पुढे काढली, तोंड उघडलं. समोर लखन उभा होता, मफलरने घाम पुसत. शेजारी एकसारख्या साड्यांतल्या जया आणि गुड्डी.

"ती मी..." सर म्हणाले, आणि पुढचा शब्द येईना.

"ती त्यांचीच आहे," भिका मागून सवयीने पुटपुटला.

सरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा जळून गेला असता. मग दातओठ खात ते म्हणाले, "ती त्यांचीच आहे."

"वा! हे आणखी छान," रघुनाथराव म्हणाले. "चला, जेवता जेवता सगळं पक्कं करू. मला लगेच पुढे निघायचंय."

सर मंचावरून उतरायला लागले, तोच भिका खाकरला.

"सर, आज माझी बी नाइट होती. तुमच्या जागी उभा राह्यलो म्हणून बस गेली. विशाल दिवसपाळी करून माझ्या जागेवर अडकून पडला. कोणी गेल्याशिवाय तो घरी जाणार नाही."

"मग?"

"मग काही नाही." भिकाने विंगेतला आपला डबा उचलला आणि पँटच्या खिशातून सायकलची किल्ली काढली. "रीत आपली, मी तुमची बदली केली की माझी तुम्ही करायची. पण तुम्ही राहू द्या, मीच जातो. तुमच्यानं नाही होणार ते. धाग्याचे कोन, मोठाली रिळं, कागदात गुंडाळायचे आन खोक्यात भरायचे, सकाळपर्यंत. आन बोलायचं नाही."

"माझ्याने नाही होणार?"

"बोलल्याशिवाय नाही होणार, सर."

सभागृहातून अजून कोणी हललं नव्हतं. नुसते सगळे बघत होते, लखन, प्रसाद, दोरी धरलेल्या केसरबाई, मागच्या रांगेतली शेंबडी पोरंसुद्धा. सरांनी रघुनाथरावांकडे पाहिलं. उभा जन्म ज्या जेवणाची वाट पाहिली ते जेवण तिथे उभं होतं.

"मला काय येतं नि काय येत नाही ते तू ठरवणार?" सर भिकावर गरजले. "पंचवीस पानांचा अंक एका बैठकीत लिहितो मी! कागदात गुंडाळता येणार नाही मला? आण तो डबा इकडे!"

"अहो, आणि यांचं जेवण?" सुलभाताई म्हणाल्या.

सर थबकले. रघुनाथरावांनी घड्याळाकडे पाहिलं.

"मी बोलते यांच्याशी," सुलभाताईंनी पर्स खांद्याला लावली. "तुमची सगळी नाटकं पाठ आहेत मला. कुठे लोकांना झोप येते तेही माहीत आहे. तुम्ही जा. फक्त चार्ज देऊन जा, मघासारखे पळू नका."

सर सुलभाताईंकडे वळले. मग जन्मात पहिल्यांदाच कोणाच्या तोंडाकडे नीट बघत ते बोलले. "पहिला अंक कापला तरी चालेल. भाषणातला दिव्याचा तेवढा भाग ठेव. आणि ही मंडळी मुंबईला येणार असतील तरच नाटक द्यायचं. सगळी. दोन्ही शिफ्ट."

"आणि राग?"

"रागाचं काय?"

"अर्ध्यावर दिसतोय. तो माझ्याकडे द्या. कराराचं बोलताना लागेल मला."

सर निघाले. स्कूटरच्या हँडलला भिकाचा डबा अडकवला होता. कंपनीच्या फाटकाशी वॉचमनने बॅटरी त्यांच्या तोंडावर मारली. खादीचं जाकीट, खांद्यावर शाल, हातात नारळ.

"कौन?"

सरांनी नेहमीप्रमाणे छाती फुगवली. लेखक, दिग्दर्शक, नाट्यशिक्षक, सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं. आत कुठेतरी विशाल घरी जायच्या वाटेकडे डोळे लावून कोन गुंडाळत होता. सरांनी छातीवरचा बिल्ला काढून खिशात टाकला.

"बदली," ते वॉचमनच्याच हिंदीत म्हणाले. "भिका का."